ताईने भाऊजींची गाडी कापली

ताईने गाडी कापायला दिली ही बातमी नातेवाइकांत अशी पसरली, की जणू तिने भाऊजींनाच कापायला दिलं होतं. भाऊजी अंथरुणाला खिळले होते तेव्हा ज्यांनी एकदाही उंबरा ओलांडला नव्हता, त्यांचेही फोन आले. आमची आत्या मला म्हणाली, "अगं, समजाव तुझ्या बहिणीला. माणूस जिवंत आहे अजून. निदान तोवर तरी थांबायचं." म्हणजे मेल्यावर कापली असती तर आत्याची काही हरकत नव्हती.

मी ताईची धाकटी बहीण. भाऊजी मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल मी काही बरं बोलले, तर ते खरं धरायला हरकत नाही.

भाऊजी एका मोठ्या ऑफिसात हेडक्लार्क होते. कडक इस्त्रीचा शर्ट, कातरलेली मिशी, आणि आवाज कधी म्हणून चढायचा नाही. गाडी त्यांनी भाची रांगत होती तेव्हा घेतली. पांढरी, चार दारांची, मागे लांबलचक डिक्की. त्या दिवसापासून त्या घरात माणसं नंतर आणि गाडी आधी. रोज सकाळी अंघोळीआधी भाऊजी गाडीला अंघोळ घालायचे. पाइप लावून, साबणाच्या पाण्याने, चाकांना वेगळं फडकं आणि काचांना वेगळं. नुसती वरून नाही; आतल्या चटया काढायच्या, दारं सताड उघडायची आणि पायाखालच्या जागेतही पाइप सोडायचा. अंगणाला भिंतीकडे उतार होता, सगळं पाणी त्या बाजूला वाहत जायचं, आणि भाऊजी ते जाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. गाडीत बसायचं तर चपला काढून हातात घ्यायच्या. खायचं नाही, काचेला बोट लावायचं नाही. कुणी काही सांडलं, टेकलं, नुसतं श्वासाने काच धुरकट केली, तरी भाऊजी मागे न बघता शांतपणे म्हणायचे, "पुसून घे."

त्यांनी ताईवर कधी हात उगारला नाही. शिवी दिली नाही. लोक म्हणायचे, किती सभ्य माणूस! मलाही पुष्कळ वर्षं कळत नव्हतं की या सभ्य माणसाचा मला एवढा राग का येतो. मग भाची पाच-सहा वर्षांची असताना एकदा घाटरस्त्यावर गाडीत उलटी करून बसली. भाऊजींनी गाडी बाजूला घेतली, दोघींना उतरवलं आणि सीट भिजलेली राहू नये म्हणून तसेच घरी निघून गेले. ताई त्या पोरीला कडेवर घेऊन, ओकारीने भरलेला फ्रॉक तसाच, उन्हातून चालत आली. घरी पोचली तेव्हा भाऊजी सीटला पंखा लावून बसले होते. "बरी आहे ना आता?" त्यांनी सीटवरून हात फिरवत विचारलं. ताईला आधी वाटलं, पोरीचं विचारताहेत.

पण तेही ताईने गिळलं. जे गिळलं नाही ते आमच्या बाबांचं. बाबा ताईकडे आले होते आणि त्यांना रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात न्यायला हवं होतं. ताई त्यांना धरून गाडीपाशी घेऊन आली, आणि भाऊजींनी हाताने 'थांब' अशी खूण केली. ते आत जाऊन प्लॅस्टिकचा कागद घेऊन आले. तो मागच्या सीटवर अंथरला, कोपरे नीट खोचले, एक सुरकुती राहिली होती ती हाताने काढली. तोवर बाबा भिंतीला टेकून उभे, हनुवटीवरून रक्त गळतंय, आणि जावयाकडे बघत लाजल्यासारखं हसताहेत. बाबा तेव्हा वाचले, त्यानंतर वर्षभर जगले. पण ते हसू मीही पाहिलंय, ताईनेही. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

ताई गाद्या शिवायची. मागच्या खोलीत कापूस, फोम, कापडाचे तागे आणि मधे ताई. तिच्या टाक्याला तोड नव्हती, वसतिगृहं आणि छोटे दवाखाने तिच्याकडूनच गाद्या न्यायचे. गादी शिवणं सोपं, पोचवणं कठीण. ती हातगाडी शोधायची, नाहीतर कुणाच्या तरी टेंपोच्या विनवण्या करायची, आणि अंगणात ती ढिम्म पांढरी गाडी झूल घालून उभी असायची. एकदा तिने धीर करून विचारलं, एक गादी टपावर बांधून नेऊ का? भाऊजींनी पेपरातून मान वर केली. "टपावर?" एवढंच म्हणाले आणि पुढचे पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मग भाऊजींना झटका आला. सकाळी, गाडी धुतानाच. हातातून पाइप सुटला आणि ते त्या ओल्या फरशीवर आडवे झाले. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. अगदीच गेली असती तर बरं झालं असतं. नशिबाने चेष्टाच केली म्हणा, एक शब्द तेवढा शिल्लक ठेवला. "पुसून." भूक लागली की पुसून. संडासला जायचं की पुसून. दुखतंय, गरम होतंय, पंखा बंद कर, सगळ्याला पुसून. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, जो शब्द तोंडात फार बसलेला असतो तो राहतो. ताईने ते ऐकलं आणि म्हणाली, "हो, बसलेलाच होता."

घरात ते कुणाला आवरेनासे झाले. भांडी ढकलायचे, रडायचे, पांघरूण फेकायचे. शांत व्हायचे ते एकाच ठिकाणी. दुपारी त्यांना धरून अंगणात नेलं आणि गाडीच्या पुढच्या सीटवर, चालकाच्या शेजारी बसवलं, की ते डावा हात दारावर ठेवून संध्याकाळपर्यंत गप्प बसायचे. चेहरा माणसात यायचा. दार मात्र आपल्या हाताने उघडायचे, त्यात कुणी मदत केलेली चालायची नाही. अख्ख्या दिवसात एवढी एकच गोष्ट ते स्वतः करायचे. हे ताईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणून सांगते, की ताईने जे केलं ते नकळत नाही केलं.

तिने गाडी चालवायला शिकून घेतली. पहिल्याच दिवशी फाटकाला घासली. आत खाटेवर भाऊजींनी तो आवाज ऐकला आणि असे काही ओरडले की शेजारीण धावत आली. आणि मग ताईने ठरवलं, मागचा भाग कापायचा, हौदा करायचा, गाद्या स्वतःच्या स्वतः पोचवायच्या.

"त्यापेक्षा विकून टाक ना," मी म्हटलं. "त्या पैशात थोडी भर घालून जुना टेंपो येईल."

ताई सुईत दोरा ओवत होती. "विकली तर कुणीतरी जपेल तिला," ती म्हणाली.

भाचीला फोनवर सांगितलं. ती दूर नोकरीला. मला वाटलं, बापाची गाडी म्हणून हळहळेल. तिने विचारलं, "मागची सीटच जाणार ना? जाईल तेव्हा फोटो पाठव मावशी." आईवर गेलीय पोरगी.

गाडी नेली त्या दिवशी मी होते. दुपारी नेहमीसारखे भाऊजी गाडीत जाऊन बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. ती इस्त्रीही ताईच करून द्यायची, त्यात तिने कधी कुचराई केली नाही. ते बसले, ताईने मला मागे बस म्हटलं, स्वतः चालकाच्या जागी बसली आणि गाडी बाहेर काढली. भाऊजींना वाटलं, फिरायला निघालो. खिडकीतून बघत होते, मान डोलवत होते. एका चौकात त्यांचा ऑफिसातला कुणी दिसला तर डावा हात वर केला. मला मागे बसवेना. मी म्हटलं, "ताई, यांना सांगितलंयस ना?" ती म्हणाली, "पोचलं की कळेलच."

कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड, जमिनीवर तेलाचे डाग आणि सगळीकडे कापलेल्या गाड्यांचे अवयव पडलेले. मिस्त्री मोठ्या गळ्याचा, पोट सुटलेला, दर वाक्याला स्वतःची पाठ थोपटणारा. "बाई, अशी करून देतो की कंपनीवाले येऊन विचारतील, कुठे केली!" त्याच्या दोन गड्यांनी भराभर मागची सीट काढली, मागची काच काढली, मागची दोन्ही दारं वेल्ड करून टाकली. भाऊजी पुढे बसलेलेच. त्यांना वाटलं असणार, दुरुस्ती चाललीय. मग मिस्त्री खडू घेऊन टपावर आडवी रेघ मारू लागला, पुढच्या सीटच्या बरोबर मागे. खडूचा खरखर आवाज डोक्यावर ऐकून भाऊजींनी वर बघितलं, आणि मग आरशातून मागे बघितलं.

"पुसून," ते म्हणाले.

"साहेब, उतरा आता," मिस्त्री म्हणाला. भाऊजींनी दारावरची मूठ डाव्या हाताने गच्च धरली. गड्यांनी काखेत हात घालून ओढून बघितलं. त्या अर्ध्या देहात एवढा जोर कुठून आला देव जाणे. "पुसून! पुसून! पुसून!" तोंडातून लाळ गळत होती. शेजारच्या दुकानातले दोघे-तिघे मजा बघायला येऊन उभे राहिले. मिस्त्रीने हात टेकले. "बाई, जास्त ओढलं तर खांदा निखळेल. आज राहू दे."

"राहू बिहू काही द्यायचं नाही," ताई म्हणाली. "बसू दे त्यांना. तुम्ही कापा."

मिस्त्रीला वाटलं चेष्टा आहे. तो हसला, ताई हसली नाही, मग त्याचंही हसू आटपलं. "माणूस आत असताना मी कधी कापली नाही, बाई. ठिणग्या उडतात. आणि दुसरं म्हणजे, टप आहे तोवर गाडी ताठ आहे. टप कापला की सगळा भार दारांखालच्या पत्र्यावर. म्हणून आधी आतून दोन्ही बाजूंना आडवे बार ठोकावे लागतात, मग कापायचं. साहेब बसलेत तिथे बार मारू कुठे?"

"एका बाजूला मारा."

"आणि त्यांच्या बाजूला?"

"त्यांचं वजन ते किती. निम्मं तर मेलेलंच आहे."

हे ती भाऊजींच्या देखत बोलली. वाचा गेली होती, कान शाबूत होते. मी तिचा दंड धरला, "ताई, पुरे झालं." तिने माझा हात शांतपणे बाजूला केला, अगदी भाऊजींच्याच पद्धतीने, आणि मिस्त्रीला म्हणाली, "ओलं पोतं टाका त्यांच्यावर. आज कापणार नसाल तर गाडी दुसरीकडे नेते." मिस्त्रीला कामही सोडवेना. त्याने खांदे उडवले. एका बाजूला बार ठोकला. भाऊजींच्या डोक्यावरून ओलं पोतं टाकलं. पोत्याखालून तो शब्द येतच राहिला, आणि मग ग्राइंडर सुरू झाला तेव्हा तोही ऐकू येईना.

खालचा पत्रा भार पेलेल का, हे बघायला आधी तिथे एक काप घेतला. भाऊजींच्या बाजूला, दाराखालच्या पोकळीत पातं शिरलं आणि आतून पाणी आलं. थेंब-दोन थेंब नाही, धारच लागली, गंजाच्या रंगाची, कुबट वासाची. मिस्त्रीने पत्रा बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटला. "अरे, ही गाडी काय नदीत उभी करत होता का?"

"रोज सकाळी धुवायचे," ताई म्हणाली. "आतून बाहेरून. पाइपाने."

मिस्त्री मोठमोठ्याने हसायला लागला. "लोक धूत नाहीत म्हणून गाड्या खराब होतात म्हणे! ही तर धुवून धुवून मारलीय. वरून नवरी आणि आत नुसता चिखल." त्याचे गडी हसले. बघे हसले. आणि ताई हसली. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती पुढच्या खिडकीशी गेली, तिने भाऊजींच्या तोंडावरचं पोतं हळूच वर उचललं आणि म्हणाली, "अहो, ऐकलंत का? तुम्हीच कुजवलीत तिला. रोजच्या रोज." लग्नापासूनचं ते अहो-जाहो तिने तेव्हाही सोडलं नाही. मग पोतं परत खाली सोडलं.

मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. मला भाऊजींची कीव आली, असं म्हणणार होते. पण खरं सांगायचं तर मला ताईची भीती वाटली.

टप सुटला तेव्हा बाहेरपर्यंत आवाज आला. आधी पत्रा पडल्याचा, आणि त्यामागून एक लांब करकर. मी आत धावले. टपाचा मागचा भाग सुटून बाजूला झाला होता, आणि बार नसलेल्या, कुजलेल्या त्या बाजूने उरलेली गाडी मधोमध वाकली होती. भाऊजींच्या शेजारचं दार चौकटीत चेचून बसलं होतं. मिस्त्री शिव्या देत जॅक लावत होता. दार बाहेरून ओढलं, आतून लाथ मारली, पहार घातली. हलेना. शेवटी सीट मागे आडवी पाडली आणि दोघा गड्यांनी भाऊजींना कापलेल्या बाजूने, उलटं, काखेत धरून बाहेर ओढलं. डिक्कीतून सामान काढतात तसं. शर्ट वर गेला होता, पोट उघडं पडलं होतं. त्यांना स्टुलावर बसवलं. ते काही बोलत नव्हते. तो एक शब्दसुद्धा नाही. डावा हात मात्र हवेत अर्धवट मुठीत होता, अजून दार धरल्यासारखा.

मिस्त्रीने कपाळ पुसत हिशेब मांडला. "खालून नवा पत्रा घालून मजबूत करतो, गाडी धावेल, भारही ओढेल. हे दार मात्र गेलं. उघडतं हवं असेल तर सगळी चौकट उचलून सरळ करावी लागेल, आठवडा मोडेल. नाहीतर वेल्ड करून टाकतो, उलट बॉडीला जोर येईल. पलीकडच्या दाराने चढायचं आणि गिअरवरून पाय टाकून इकडे सरकायचं. धडधाकट माणसाला काही अडचण नाही."

"धडधाकट माणसाला," मी म्हटलं. "ताई, ते कुठून चढणार?"

"कुठे जायचंय त्यांना?"

"दुपारी बसतात ते, ताई. तेवढंच तर उरलंय त्यांना."

ताईने स्टुलाकडे बघितलं. भाऊजीही तिच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता विरघळेल. निदान आठवड्याने काय बिघडतं, म्हणेल. ती मिस्त्रीकडे वळली. "वसतिगृहाच्या गाद्या तयार पडल्यात. मारा वेल्ड."

गाडी झाली झकास, हे मान्य करायला हवं. मागे चांगला खोल हौदा, साखळीने खाली सोडता येणारा फाळका, आणि उरलेल्या रंगातून मिस्त्रीने मारून दिलेला भडक पिवळा रंग. ताईचा धंदा दुपटीने वाढला. रस्त्यात लोक वळून बघतात, तिला हात करतात. गाडी तिने तेव्हापासून एकदाही धुतलेली नाही. गाद्यांचा कापूस, चिखल, पक्ष्यांची घाण, सगळं तसंच. नातेवाइकांचं काय, आत्यानेच परवा आपली जुनी खाट त्या गाडीतून फुकट नेऊन घेतली आणि वर म्हणाली, पोरगी कर्तबगार आहे हो.

वेल्ड केलेल्या दाराचं बाहेरचं हँडल मिस्त्रीने तसंच ठेवलं होतं, काढलं तर भोक दिसेल म्हणून. ते उचललं की उचललं जातं, खट्कन वाजतं, आणि काही होत नाही.

परवा मी ताईकडे गेले होते. दुपारची वेळ. अंगणात गाडी गाद्यांनी भरून, वरून दोर बांधून तयार होती. ताई म्हणाली, चल, उतरवायला हात लाव. मी चालकाच्या दाराने चढले, गिअरवरून पाय टाकला आणि त्या शेजारच्या सीटवर सरकले. पाठोपाठ ताई बसली. तेवढ्यात भाऊजी घरातून बाहेर आले. काठी टेकत, पाय ओढत, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडीला समोरून वळसा घालून ते माझ्या बाजूला आले. काठी मडगार्डला टेकवून ठेवली. काचेतून माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या हाताने हँडल उचललं. खट्. थांबले. परत उचललं. खट्. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलंच काहीतरी चुकतंय, हातच नीट पडत नाहीये, असं वाटणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. तिसऱ्यांदा त्यांनी हँडल धरण्याआधी बोटं शर्टाला पुसून कोरडी केली.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"रोजच," ताई म्हणाली. तिने किल्ली फिरवली.

"ताई, थांब. मी उतरते. दोघी मिळून धरू, इकडून चढवू. मी हौद्यात बसते, हवं तर."

"आज चढवलं तर रोज चढवावं लागेल."

तिने गाडी मागे घेतली. काठी घसरून खाली पडली. भाऊजींनी हँडल सोडलं नाही. गाडीबरोबर ते सरकत राहिले, पाय फरफटत, काचेला तोंड लावून, फाटकापर्यंत. आता उघडेल, आता उघडेल, असं त्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि ते डोळे माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. फाटकाच्या खांबाशी जागा अरुंद झाली तेव्हा हात सुटला. ते खांबाला धरून उभे राहिले. गाडी रस्त्यावर आली.

ताईने आरशात नीट बघितलं, बराच वेळ.

"मागचा दोर सैल झालाय का गं?" तिने विचारलं.

मी वळून बघितलं. दोर घट्ट होता.